पाचवं चाक कोणत्या मापाचं?

प्रश्न : माझी पिकअप 2016 सालची आहे. गिरणारेहून टोमॅटो भरून कधी पिंपळगाव बसवंत, तर हंगामात पेठ रस्त्याने गुजरातेत जातो. पावसाळ्यात मळ्याच्या रस्त्याला गाडीचं पोट चिखलात टेकतं, म्हणून दिवाळीत चारही टायर मोठे घातले. आधी 215/75 आर 15 होते, आता 235/75 आर 15 आहेत. स्टेपनी मात्र जुनीच, 215 ची, खाली टांगलेली आहे. टायरवाला म्हणाला, "रिम पंधराचीच आहे ना, मग बसतंय, चालतंय." गेल्या महिन्यात सावळघाटाच्या अलीकडे मागचा डावा टायर बसला. स्टेपनी लावली आणि माल असतानाच घरी परत आलो. गाडी एका अंगाला गेल्यासारखी वाटत होती, मागून बारीक घुं-घुं आवाज येत होता. आता एक ओळखीचा माणूस 235 चाच वापरलेला टायर स्वस्तात देतोय. तो घेऊ, नवा घेऊ, की जुनी स्टेपनीच चालवू? – एक टोमॅटो बागायतदार, गिरणारे

उत्तर : दादा, स्टेपनीचं नंतर बघू. आधी मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधे ॲक्सलवर असलेल्या गिअरच्या गोळ्याचं, तेल बघा.

ओळखीच्या गॅरेजात जाऊन त्याच्या हाऊसिंगचा, म्हणजे बाहेरच्या लोखंडी पेटीचा, खालचा नट काढा आणि वाटीभर तेल स्वच्छ डब्यात घेऊन उन्हात धरा. तेल काळपट असलं तर घाबरू नका, नटाला चुंबक असेल तर त्यावर थोडा काळा चिखलही असतोच. पण तेलात चांदीसारखी चकाकी दिसली, बोटांना टोचणारे कण लागले किंवा जळका वास आला, तर माल भरायच्या आधी मागचं उघडून घ्या. चारही मोठे टायर पुन्हा लागल्यावर आवाज थांबला असेल तर तुम्ही बहुतेक वाचलात. अजून येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलत असेल, तर एक दिवससुद्धा पुढे ढकलू नका.

आता हे का सांगतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्के : रुंदीच्या इतके टक्के टायरच्या बाजूची उंची. शेवटचा आकडा रिमचा, इंचात. तुमच्या जुन्या टायरची बाजू 215 च्या 75 टक्के, म्हणजे 161 मिलिमीटरच्या थोडी वर. ती वर एकदा आणि खाली एकदा, मधे पंधरा इंची रिम म्हणजे 381 मिलिमीटर. एकूण उंची 703.5. तोच हिशोब 235 ला केला की 733.5 येतो. फरक तीन सेंटिमीटरचा. हातात टायर धरून बघितलं तर वाटतं, तीन सेंटिमीटरने काय होतंय? पण चाक उंचीवर चालत नाही, घेरावर चालतं. जुन्या चाकाचा घेर सुमारे 2 मीटर 21 सेंटिमीटर, नव्याचा 2 मीटर 30 सेंटिमीटर. एका किलोमीटरमध्ये जुनं चाक साधारण 452 फेरे घेतं, नवं 434. तुम्ही मागच्या एका बाजूला 434 फेऱ्यांचं आणि दुसऱ्या बाजूला 452 फेऱ्यांचं चाक लावून गाडी आणलीत. प्रत्येक किलोमीटरला साडेअठरा फेऱ्यांचा फरक कुणीतरी पचवायचा होता. तो डिफरन्शियलने पचवला.

डिफरन्शियलच्या आत बारीक स्पायडर गिअर असतात. गाडी सरळ चालली की ते आपल्या पिनवर जवळपास स्थिर असतात, सगळा जथा एकत्र फिरतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं तेवढ्यापुरते ते पिनवर फिरतात आणि पुन्हा गप्प होतात. त्यांची बनावट त्या थोड्या वेळासाठी असते. मागे दोन मापांची चाकं लावली की गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांच्या लेखी कायम वळणावरच असते. शंभर किलोमीटरला साडेअठराशे फेऱ्यांचा फरक, तोही टोमॅटोचं वजन वर असताना आणि घाटात इंजिनाचा पूर्ण जोर लागत असताना. पिन तापते, तेल पातळ होतं, वॉशर झिजतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एसटीच्या टायर विभागात माझी 31 वर्षं गेली आणि ही चूक मीच एकदा होऊ दिली आहे. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या मेहुण्याची वणीला जीप होती, वणी–पिंपळगाव प्रवासी वाहतुकीची. त्याने तिला मोठे टायर चढवले होते, स्टेपनी जुनी. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला आम्ही दोन्ही घरची माणसं नांदुरीपर्यंत त्याच जीपने गेलो. परतताना अंधारात मागचा टायर बसला. गाडीत बायका, मुलं, झोपलेली लेकरं. मेहुण्याने मला विचारलं, "दाजी, ही बारकी स्टेपनी मागे लावली तर चालेल ना?" मी म्हणालो, "लाव, घरी तर पोहोचू." तेवढं चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. घरी पोहोचल्यावर "आता सकाळी काढ" हे सांगायचं मी विसरलो आणि त्याने आठ दिवस तशीच जीप चालवली, दिवसाला सहा-सहा फेऱ्या. नवव्या दिवशी मागून कटकट सुरू झाली. हाऊसिंग उघडलं तेव्हा स्पायडरच्या पिनवर बोट अडकेल अशी खाच पडली होती आणि तेलाचं डांबर झालं होतं. त्याचा दोन महिने धंदा बसला. टायर विभागातला दाजी शेजारी बसलेला असताना हे झालं, याची बोच मला अजून आहे.

आणि गंमत अशी नाही की मला माहीत नव्हतं. डेपोत रोज हेच काम होतं. बसच्या मागच्या ॲक्सलला एका अंगाला दोन-दोन टायर असतात, त्याला आम्ही जोडी म्हणतो. जोडी लावताना दोन्ही टायरांचा घेर टेप घालून मोजायचा, एक नवा आणि एक झिजलेला असं कधी जोडायचं नाही. जोडीत एक मोठा पडला तर सगळं ओझं तोच उचलतो आणि तापून फुटतो. बारका नुसता रस्त्यावर घासत जातो आणि त्याची नक्षी वाया जाते. एकाच बाजूला दोन्ही असतात तेव्हा आम्ही इतकं जपायचो, आणि घरच्या गाडीत एका ॲक्सलच्या दोन टोकांना तोच नियम लागतो हे डोक्यात आलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : स्टेपनी बाकी चार टायरांच्याच घेराची हवी. टायर मोठे करताना चार नाही, पाच घ्यायचे असतात. तुमच्या टायरवाल्याने रिमचा आकडा बघितला, घेर बघितला नाही. रिम पंधराची आहे म्हणून टायर बसतो, एवढंच त्याने सिद्ध होतं. रिमचा इंच वेगळा असूनही घेर जुळू शकतो. 235/70 आर 16 घेतलात तर त्याची उंची 735 मिलिमीटर येते, म्हणजे तुमच्या 235/75 आर 15 पेक्षा दोनच मिलिमीटर जास्त. घेराच्या हिशोबाने तो सोळा इंची टायर तुमच्या गाडीचा सख्खा भाऊ आहे आणि तुमची पंधरा इंची जुनी स्टेपनी परकी. (सोळाची रिम घ्या असं म्हणत नाही. तिची भोकं, मधलं भोक, आत-बाहेरची बैठक सगळं जुळायला लागतं. फक्त कुठला आकडा बघायचा ते सांगतोय.)

आता तो वापरलेला 235 चा टायर. स्वस्त आहे म्हणून नाही म्हणत नाही, स्टेपनीला चांगला वापरलेला टायर मी स्वतः घेतला आहे. पण घेण्याआधी चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विकणाऱ्याच्या तोंडून नको.

पहिली म्हणजे वय. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2319 लिहिलं असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. रबर नुसतं पडूनसुद्धा म्हातारं होतं. नक्षी नव्यासारखी आणि बाजूला केसासारख्या बारीक भेगा, असा टायर मी फुकट दिला तरी घेणार नाही.

दुसरी, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी, म्हणजे वजन पेलण्याची ताकद. मापाच्या शेजारी एक आकडा आणि एक अक्षर असतं. तो आकडा किलो नाही, खूण आहे : 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 104 म्हणजे 900, 105 म्हणजे 925, 110 म्हणजे 1060. जीपसारख्या घरगुती गाड्यांसाठी निघणारा 235/75 आर 15 बहुधा 105 च्या आसपासचा असतो. पिकअपला माल वाहणारा टायर लागतो, त्याच्या मापापुढे किंवा मागे एलटी असं लिहिलेलं असतं आणि त्याला प्लायही, म्हणजे आतले थर, जास्त असतात. त्यावर 106/103 असे दोन आकडे दिसले तर पहिला एकट्या चाकासाठी आणि दुसरा जोडीत लावायचा असेल तेव्हाचा. तुमच्या गाडीच्या मूळ टायरवर जो आकडा होता त्याच्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका. जुनी स्टेपनी अजून खाली टांगलेली आहे, तिच्यावर वाचता येईल. आणि दादा, हे वाचून झाल्यावर लगेच बाहेर जाऊन दिवाळीत घातलेल्या चार टायरांवरचा आकडाही वाचा. रुंद टायर म्हणजे ताकदवान टायर असं सगळ्यांना वाटतं. तुम्ही रुंदी वाढवून ताकद कमी केली असेल, तर पाचव्या चाकाच्या आधी त्या चारांचा विचार करायला लागेल.

तिसरी, रेडियल की नायलॉन. आर लिहिलेला रेडियल, नायलॉन म्हणजे जुन्या पद्धतीचा, आत तिरके धागे असलेला. तुमचे चार रेडियल असतील तर स्टेपनीही रेडियलच, कारण एका ॲक्सलला एक रेडियल आणि एक नायलॉन असेल तर दोघं वजनाखाली वेगवेगळे दबतात आणि ब्रेकला गाडी ओढते. चौथी, आतून बघा. टायर रिमवर असेल तर उतरवून घ्या. बाजूला आतून ठिगळ असलेला टायर घाटात मालासकट चालवायचा नसतो. नक्षीच्या खोबणीत रबराचे छोटे उंचवटे असतात, ते नक्षीच्या पातळीला आले की 1.6 मिलिमीटर उरलं आणि टायर संपला. स्टेपनीत यापेक्षा बरंच जास्त हवं, नाहीतर घेर पुन्हा जुळणार नाही. नव्या आणि संपत आलेल्या टायरमध्ये उंचीचा सेंटिमीटरभर फरक पडतो, माप तेच असलं तरी.

घेर घरीच मोजता येतो. सपाट जागी हवा बरोबर भरून चाकावर आणि जमिनीवर एका रेषेत खडूची खूण करा, गाडी हळू ढकलून बरोबर एक फेरा होऊ द्या, पुन्हा खूण करा आणि टेप लावा. चारही चाकांचं माप लिहून ठेवा. मग नव्या स्टेपनीचंही तसंच. बोटाच्या पेरापेक्षा जास्त फरक आला तर तिला मागे लावायचं नाही.

टायर ठरला की पुढचा प्रश्न जागेचा, आणि तो बहुतेक जण विसरतात. तुमची स्टेपनी हौद्याखाली साखळीला टांगलेली. ती जागा 703 मिलिमीटरच्या टायरसाठी केलेली. 733 चा टायर वर ओढला की सायलेन्सरला किंवा स्प्रिंगच्या पाट्याला टेकतो का ते आधी बघा. सायलेन्सरला चिकटलेला टायर एका उन्हाळ्यात भाजून कडक होतो. बसत नसेल तर केबिनच्या मागे हौद्यात उभा पट्टीने बांधा. आडवा टाकून वर क्रेट रचू नका, रात्री रस्त्यात सगळा माल उतरवायला लागेल. आणि खाली टांगलेल्या स्टेपनीची साखळी वर्षातून दोनदा तरी खालीवर करून तेल लावा. चिखलाने गंजलेली साखळी ऐनवेळी उतरत नाही, आणि मग ती स्टेपनी असून नसल्यासारखी.

जॅकचंही तेच. टायर मोठा झाल्याने ॲक्सल 15 मिलिमीटर वर गेलं. पंक्चर चाक उतरवता येईल, पण भरलेला मोठा टायर आत घालायला जॅक अपुरा पडतो. बाभळीचा किंवा सागाचा एक रुंद ठोकळा कायम गाडीत ठेवा, जॅकखाली घालायला, आणि एकदा घरच्या अंगणात उजेडात चाक बदलून बघा. घाटात पहिल्यांदा बघायची ती गोष्ट नव्हे. मोठे टायर घालताना कुणी अलॉय रिमही घेतल्या असतील तर त्यांच्यासाठी एक वाक्य : अलॉयचे नट वेगळे असू शकतात, त्यांची बैठक लोखंडी स्टेपनीला जुळली नाही तर नट घट्ट वाटतो आणि दहा किलोमीटरवर सैल होतो. जुने नट पिशवीत बांधून गाडीतच ठेवा.

नवी स्टेपनी येईपर्यंत काय करायचं? तुमची गाडी रोजची आहे, थांबणार नाही, हे मला कळतं. तोवर जुनी 215 ची ठेवा, पण ती मागे लावायची नाही. मागचा टायर बसला तर ती पुढे लावा आणि पुढचा चांगला मोठा टायर काढून मागे घाला. काम दुप्पट आहे, पण डिफरन्शियल वाचतं, कारण तुमच्या गाडीला जोर मागच्या चाकांना आहे, पुढची चाकं नुसती फिरतात. आधी पुढचं चाक उचलून तिथे स्टेपनी बसवा, मग निघालेलं मोठं चाक घेऊन मागे जा. चाकांना दगड लावायचा आणि नट जमिनीवर असतानाच सैल करायचे, हे तुम्हाला सांगायला नको. मग चाळीसच्या वर जाऊ नका. ब्रेक दाबला की गाडी बारक्या चाकाच्या अंगाला ओढेल, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. भरलेली गाडी अशी सावळघाट किंवा कोटंबीचा घाट उतरवायची नाही, ओल्या रस्त्यावर तर अजिबात नाही. जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, मोठा टायर काढून घ्यायचा, आणि त्याच दिवशी परत लावायचा. त्याच दिवशी.

नवा टायर आला की त्याला स्टेपनी म्हणून टांगून विसरू नका. पाचही चाकं फिरवत राहा, दर आठ-दहा हजार किलोमीटरला. मागची दोन्ही सरळ पुढे आणा. पुढचं उजवं मागे डावीकडे. स्टेपनी मागे उजवीकडे. आणि पुढचं डावं स्टेपनीच्या जागी. असं केलं की पाचही टायर एकत्र झिजतात, घेर कायम जुळलेला राहतो. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे चालणार नाही, तेव्हा तसला टायर पिकअपला घेऊच नका.

तुम्ही विचारलं नाही, तरी आणखी दोन गोष्टी सांगतो. स्पीडोमीटर आता खोटं बोलतो. काटा 60 वर असताना तुम्ही साडेबासष्टच्या पुढे असता, 80 वर असताना त्र्याऐंशीच्या वर. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणून मोठे टायर घातल्यावर ॲव्हरेज जेवढा पडला असं वाटतं तेवढा पडलेला नसतो. चौदाचा दिसत असेल तर साडेचौदा धरा. मात्र चढाला गाडी जड झाली आहे हे खरं, कारण मोठ्या घेराने गिअर लांब झाला. जिथे तिसऱ्यात चढायची तिथे दुसरा टाकायला लागत असेल तर क्लच घासवत बसू नका, टाका.

दुसरी गोष्ट कागदाची. 2016 ची मालवाहू गाडी म्हणजे आठ वर्षांच्या पुढची, तुम्हाला आता दरवर्षी पासिंग आहे. मंजूर मापापेक्षा वेगळे टायर म्हणजे गाडीत बदल, आणि बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आज कुणी अडवलं नाही म्हणून अपघातानंतर विमा कंपनीही अडवणार नाही असं धरू नका. आणि टायर वाढले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. मला विचाराल तर हे चार टायर झिजले की पुन्हा मूळ मापावर या, चिखलासाठी खोल नक्षीचे घ्या. चिखलातून गाडी काढतात ते नक्षीचे दात, दीड सेंटिमीटरची उंची नाही. तोवर पाचवा मोठा घ्याच. जुनी 215 ची स्टेपनी विकू नका, परत याल तेव्हा ती रिम लागेल.

प्रश्न : आम्ही नवी कार घेतली. चार चाकं सोळा इंची अलॉय, 195/55 आर 16. डिकीत मात्र पंधरा इंची लोखंडी चाक, 185/65 आर 15. यजमान म्हणतात कंपनीने पैसे वाचवले. सासऱ्यांसोबत दर महिन्याला संगमनेरला जाते, मोहदरी घाटात पंक्चर झालं तर हे चाक लावणं सुरक्षित आहे का? – एक शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, वरच्या दादांचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न दिसायला एकच आहे, उत्तर उलटं आहे. तुमच्या मोठ्या चाकाची उंची काढा : 195 च्या 55 टक्क्यांची दुप्पट 214.5, अधिक सोळा इंचांचे 406.4, एकूण 620.9 मिलिमीटर. स्टेपनीची : 185 च्या 65 टक्क्यांची दुप्पट 240.5, अधिक 381, एकूण 621.5. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक. रिम लहान केली तेवढी टायरची बाजू वाढवली आणि घेर राखला. पैसे वाचवले असतील, पण घेराशी खेळले नाहीत.

तरी रुंदी कमी आहे, म्हणून एका कोपऱ्यात पकड वेगळी लागेल, पावसात जास्तच. स्टेपनीवर वेगाची चिठ्ठी चिकटवलेली असेल, बहुधा 80 ची, तर ती पाळा. नसेल तरी मी घाटात साठच्या पुढे जाणार नाही. संगमनेरला पोहोचलात की आधी पंक्चर काढा, मग पाहुण्यांकडे. आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लोखंडी चाकाला तेच बोल्ट लावायचे का वेगळे, हे एकदा बघून ठेवा. तुमच्या यजमानांनाही बघू द्या.

प्रश्न : माझी फोर बाय फोर आहे, पावसाळ्यात त्र्यंबकच्या पलीकडे वाड्या-पाड्यांवर कामाला जातो. चार टायर नवे, स्टेपनी त्याच मापाची पण गुळगुळीत झालेली. चालेल? – त्र्यंबकेश्वर

उत्तर : टू व्हील ड्राइव्हमध्ये, पुढच्या बाजूला, घरी येण्यापुरती चालेल. ती लावलेली असताना डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकू नका. अशा गाड्यांत फोर बाय फोर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मधे फरक पचवायला कुणी नसतं. चिखलात चाक घसरून सुटका होते, डांबरावर होत नाही आणि ताण ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीत, साठतो. लीव्हर परत निघत नाही असं झालं असेल तर तेच कारण. मागे लॉक होणारं डिफरन्शियल असेल तर गुळगुळीत चाक मागे अजिबात नको. तुमच्या कामाला गुळगुळीत स्टेपनी शोभतही नाही, पाड्यावरून परतताना तोच एक टायर तुमच्या आणि मुक्कामाच्या मधे असतो.

प्रश्न : नव्या गाडीला स्टेपनीच दिली नाही, पंक्चरचं किट आणि पंप दिला. हे कायद्याने चालतं? – इंदिरानगर

उत्तर : चालतं. जुलै 2020 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा दिली. किटने नक्षीत घुसलेल्या खिळ्याचं भोक बुजतं. दगडाने टायरची बाजू फाटली तर ते किट काही करू शकत नाही. शहरात आणि महामार्गावर फिरत असाल तर ठीक. गावाकडे खडीच्या रस्त्याने जाणं असेल तर त्याच मापाचं पाचवं चाक विकत घ्या आणि डिकीत पट्ट्याने बांधा.

प्रश्न : स्टेपनीत हवा किती ठेवायची? – सिन्नर

उत्तर : पूर्ण माल भरल्यावर मागच्या टायरला जेवढी लागते तेवढी. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ती लिहिलेली असते. रस्त्यात जास्तीची हवा सोडता येते, भरता येत नाही. महिन्यातून एकदा चारांबरोबर पाचव्यालाही गेज लावा, आणि टायर बदलताना व्हॉल्वही नवा घाला. खाली टांगलेल्या स्टेपनीचा व्हॉल्व जमिनीकडे नको, वर हौद्याकडे तोंड करून बांधा. खडीचा दगड आधी त्यालाच लागतो.